फुजीला एकटीने, एका दिवसात

वाट विचारताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी ४९ वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते. कळसूबाई तीनदा झालं, राजगड-तोरणा एकदा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भाचीकडे कावासाकीला जातेय. फुजी चढायचा फार मनात आहे, पण भाचीला रजा नाही. एकटीने, एका दिवसात जाऊन येणं जमेल का? यजमान म्हणतात, परक्या देशात एकटीने डोंगर चढायचा हट्ट कशाला. तुम्ही तिथे राहून आलात म्हणून तुम्हालाच विचारते.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी एक कबुली देते. मी जपानात आठ वर्षं होते, फुजीला दोनदा एकटी गेले, आणि तरी ३७७६ मीटरवर माझा पाय आजपर्यंत लागलेला नाही. पहिल्यांदा ३२५० च्या आसपासून परत फिरले. दुसऱ्यांदा माथ्यावर पोचले, पण सर्वांत उंच टोक राहिलं. ते का राहिलं ते पुढे येईलच. हे वाचून तुम्हाला दुसरा कुणी वाटाड्या शोधावासा वाटला तर मी रागावणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : जमेल. एकटेपणाची भीती मनातून काढा. जुलै-ऑगस्टमध्ये योशिदा नावाच्या वाटेवर तुम्हाला एकटं राहायचं म्हटलं तरी राहता येणार नाही. सातव्या टप्प्यापासून (टप्प्यांचं पुढे सांगते) दर थोड्या चढावर झोपड्या आहेत, झोपड्या म्हणजे दगडी भिंतींच्या, ओळीने बांधलेल्या मुक्कामाच्या जागा. वाटेत भेटणारा प्रत्येक जण ‘कोन्निचिवा’, म्हणजे नमस्कार, म्हणतो. दुपारपर्यंत तेवढं म्हणून म्हणूनच धाप लागते. बाईमाणूस म्हणून मला तिथे कधी भीती वाटली नाही. त्रास झाला तो घाईचा, आणि ती घाई माझी मीच केली होती.

फुजीला चार वाटा आहेत : योशिदा, सुबाशिरी, गोतेंबा आणि फुजिनोमिया. तुम्ही योशिदाच धरा. टोकियोच्या बाजूने जायला तीच सोपी आणि झोपड्याही तिच्यावरच जास्त. वाटेचे दहा टप्पे मानतात, त्यांना ‘गोमे’ म्हणतात. हे टप्पे सारख्या अंतराचे नाहीत, तेव्हा ‘पाच झाले, पाच राहिले’ असा हिशोब करू नका. बस तुम्हाला पाचव्या टप्प्यावर सोडते, २३०५ मीटरवर. म्हणजे बसमधून उतरता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा ६५९ मीटर वर असता. तिथून शेंड्यापर्यंत अजून १४७१ मीटर चढ. पायांना हे नवीन नाही. कळसूबाईच्या शिड्या चढलेल्या बाईला सातव्या टप्प्यावरचा कातळ काहीच नाही. हात टेकत, बाजूच्या साखळीच्या आधाराने चढायचं. नवीन आहे ती हवा. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशांहूनही थोडा कमी असतो, आणि सह्याद्रीत कितीही ट्रेक केले तरी त्याची सवय होत नाही, कारण तेवढी उंची सह्याद्रीत नाहीच.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये मला हे माहीत होतं. म्हणजे वाचलेलं होतं. बसमधून उतरले ते तशीच निघाले. सहाव्या टप्प्याच्या अलीकडे सात-आठ जणांचा एक जथा होता, सगळे सत्तरीच्या आसपासचे, पुढच्या आजोबांच्या काठीला लहानशी घंटी. ते आजोबा चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या जेमतेम वीतभर पुढे टाकायचे. मला हसूच आलं. ‘सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, म्हणत मी त्यांच्या बाजूने पुढे निघून गेले, अगदी आपल्याकडे गडावर निघतो तशी. आठव्या टप्प्याची पहिली झोपडी ३१०० मीटरवर आहे. तिथे कपाळावर कुणी पट्टा आवळावा तसं दुखू लागलं. दीडशे मीटर आणखी रेटलं आणि एका झोपडीबाहेरच्या बाकावर बसून पिशवीत उलटी केली. पिशवी होती हे नशीब, कारण तिथे कचऱ्याचा डबा नसतो, जे काही होईल ते सॅकमध्ये घालून खाली न्यायचं. वीसेक मिनिटांनी घंटी ऐकू आली. तोच जथा, तीच चाल, कुणालाही धाप नाही. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, बोटाने खालची दिशा दाखवली आणि मान हलवली. मी उतरले. पाचशे मीटर खाली येईपर्यंत डोकं जवळजवळ उतरलं होतं. त्यावर हाच उपाय, बाकी सगळे टेकू.

तेव्हा एका दिवसात करा, पण तो दिवस आदल्या रात्री सुरू करा. पाचव्या टप्प्यावर मुक्कामाची सोय आहे, आधी आरक्षण करा आणि २३०५ मीटरवर एक रात्र झोपा. शरीर रात्रभर तिथली हवा घेतं. त्याहून मोठा फायदा म्हणजे पहाटे निघता येतं. उन्हाळ्यात दुपारी तिथे ढग चढतात, वीज कडाडते, आणि त्या उघड्या उतारावर आडोशाला झाडसुद्धा नाही. पहाटे साडेचार-पाचला निघालात तर अकराच्या सुमाराला माथा, तीन-साडेतीनपर्यंत खाली. चढायला साधारण सहा तास, उतरायला साडेतीन ते चार. मुक्काम जमणारच नसेल तर आदल्या दिवशी पायथ्याच्या कावागुचिकोला राहा, सकाळची पहिली बस पकडा, आणि वर पोचल्यावर तासभर चढायचं नाही म्हणजे नाही. तिथे कोमिताके नावाचं छोटं देऊळ आहे, तिथे बसा, पाणी प्या, घोडे बघा. हंगामात त्या घाटरस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असते, त्यामुळे बसलाच बांधील राहावं लागतं. बसचं वेळापत्रक त्याच आठवड्याचं बघून घ्या, आणि परतीची शेवटची बस हातावर लिहून ठेवा. मी खरंच पेनाने लिहिली होती.

दार आणि पैसे. आमच्या वेळी १००० येन ऐच्छिक देणगी होती. २०२४ मध्ये योशिदाच्या वाटेवर फाटक बसलं, माणसांना दिवसाला ४००० ची मर्यादा आली, आणि २०२५ पासून चारही वाटांवर माणशी ४००० येन घेऊ लागले. ज्यांचं झोपडीत आरक्षण नाही त्यांना दुपारी दोन ते पहाटे तीन सोडत नाहीत. तुम्ही पहाटेनंतर जाणार, त्यामुळे तुम्हाला अडचण नाही, फक्त जागा आधी नोंदवा. ओबोनचा, म्हणजे तिकडच्या पितरांच्या सणाचा, ऑगस्टच्या मध्यावरचा आठवडा टाळताय ते उत्तम. तेव्हा माथ्याखाली रांग लागते, वारीसारखी.

सामानात दोनच गोष्टींवर अडून बसते. एक, पावसाचा जोड : वरचं वेगळं, पॅंट वेगळी. आपला पोंचो तिथल्या वाऱ्यात छत्रीसारखा उलटतो. माथ्यावर ऑगस्टचं सरासरी तापमान सहा अंशांच्या आसपास असतं, त्यात ओले कपडे आणि भणाण वारा म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. कपडे अपुरे दिसले तर फाटकावर विचारतातही. दुसरी गोष्ट, शंभर येनची दहा-पंधरा नाणी. स्वच्छतागृहाला दर वेळी दोनशे-तीनशे येन पडतात, आणि वर पाण्याची बाटली पाचशेला. वाटेत झरा, टाकं काही नाही. दीड-दोन लिटर खालूनच न्या. बाकी हेडटॉर्च, हातमोजे, गेटर ही यादी तुम्हाला मी काय सांगणार.

चालायचं त्या आजोबांसारखं. २०१६ च्या जुलैत मी तेच केलं. बोलता येईल इतकाच वेग, आणि एकटी असल्यामुळे बोलायला कुणी नाही म्हणून पुटपुटत भीमरूपी म्हणत होते. श्लोक मध्येच तुटला की थांबायचं. त्या डोंगरावर पूर्वी पांढऱ्या कपड्यांतले यात्रेकरू ‘रोक्कोन शोजो’ म्हणत चढायचे, सहाही इंद्रियं शुद्ध होवोत अशा अर्थाचं. म्हणजे माझं पुटपुटणं तिथे काही नवं नव्हतं. १८७२ पर्यंत बायकांना मात्र माथ्यापर्यंत जाऊ देत नव्हते. यजमानांना हे सांगा, बंदी उठून दीडशे वर्षं झाली म्हणावं.

माथ्यावर पोचले तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. दगडी पायऱ्या, दोन बाजूंना दगडी सिंह, तोरी म्हणजे देवळापुढची कमान, कुसुशी देऊळ. लोक गळ्यात पडत होते, फोटो काढत होते. आणि समोर, विवराच्या पलीकडच्या काठावर, जुन्या हवामानकेंद्राची इमारत. तीच जागा केंगामिने, तेच ३७७६. योशिदाची वाट जिथे संपते तिथून ते टोक विवराच्या बरोबर समोर पडतं. अख्खी फेरी घालायला दीड तास धरतात, आणि शेवटी ‘उमानोसे’ म्हणजे घोड्याची पाठ नावाचा घसाऱ्याचा उभा चढ आहे. दोन वाजता उतरायला लागायचं असं मी खालीच ठरवलं होतं. अर्धा तास बसले, दशमी खाल्ली, त्या इमारतीकडे बघितलं आणि उतरायला लागले. अजूनही कधी कधी चुटपुट लागते, खोटं कशाला बोलू. तुम्ही अकराला पोचलात आणि आभाळ मोकळं असेल तर जरूर जाऊन या. माझ्या वतीनेही.

आता उतरण, आणि इथे मला दोन ओळी ठळक छापायला सांगायच्या आहेत. चढायची आणि उतरायची वाट वेगळी आहे. योशिदा आणि सुबाशिरी या दोन्हींची उतरायची वाट माथ्यापासून आठव्या टप्प्यापर्यंत एकच आहे, आणि तिथे फाटा फुटतो. योशिदाच्या पाट्या पिवळ्या, सुबाशिरीच्या लाल. (गोतेंबाच्या हिरव्या, फुजिनोमियाच्या निळ्या.) हे मला पाठ होतं. पण त्या फाट्यापाशी धुकं इतकं होतं की माझ्याच काठीचं टोक दिसत नव्हतं. पुढे दोन माणसं होती, नीट बूट, नीट सॅक, सराईत चाल. मी पाटी बघायची सोडून त्यांच्या सॅकवरच्या केशरी आवरणाकडे बघत चालत राहिले. वीसेक मिनिटांत पायाखाली मऊ काळी रेती आली. टाच रोवली की हातभर घसरायचं, पुन्हा टाच, पुन्हा घसरायचं. काय मजा आली! लहान मुलासारखी पळत उतरले. झाडं लागली तेव्हा डोक्यात पहिल्यांदा शंका आली, कारण योशिदाला उतरताना इतक्या लवकर झाडी लागत नाही. पुढची पाटी लाल होती.

वर चढून परत जायचं म्हणजे ती सगळी रेती उलटी चढायची. गुडघे नाही म्हणाले. सुबाशिरीच्या पाचव्या टप्प्यावर उतरले तेव्हा मी दुसऱ्याच जिल्ह्यात होते : सामान कावागुचिकोला, यामानाशीत, आणि मी शिझुओकात. हातावर लिहिलेली बस डोंगराच्या पलीकडे. तिथे दोन-तीन दुकानं आहेत. एका दुकानातल्या आजींनी माझ्याकडे पाहून फक्त एवढंच विचारलं, “योशिदा?” मी मान हलवली. त्यांनी हसून शिताकेचा चहा पुढे केला, अळंब्यांचा, खारट, कढत. चेहऱ्यावरून वाटलं की अशी मी त्यांची त्या दिवसातली पहिली नव्हते. तिथून बसने गोतेंबा शहर, गोतेंबाहून पुढची बस, रात्री साडेनऊला खोलीवर. काही बिघडलं नाही, पण पाय मुरगळला असता तर सगळे मला चुकीच्या बाजूला शोधत बसले असते.

म्हणून भाचीकडे कागद ठेवा : कुठली वाट, किती वाजता निघणार, किती वाजेपर्यंत फोन येईल, नाही आला तर पोलिसांना ११० वर फोन. हंगामात वाटेवर फोन लागतो, माथा सोडताना आणि फाटा ओलांडल्यावर एकेक निरोप टाका. परत फिरायची वेळही त्याच कागदावर लिहा. वर गेल्यावर ती वेळ ठरवायला बसलात तर डोकं धड विचार करत नाही, आणि माथा तर समोर दिसतच असतो. गुडघ्यांसाठी दोन काठ्या न्या. उतरणीत जवळजवळ शेवटपर्यंत झोपड्या नाहीत, स्वच्छतागृहही सातव्या टप्प्याच्या आसपास एखादंच, तेव्हा निघण्याआधी वरच जाऊन या.

विरळ हवेच्या गोळ्यांबद्दल मी बोलणार नाही. रक्तदाब किंवा दुसरं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच जा.

प्रश्न : मी टोकियोत शिकतो. रात्री दहाला पाचव्या टप्प्यावरून निघून, न थांबता चढून सूर्योदय बघायचा आणि सकाळी खाली, असा आम्हा मित्रांचा बेत आहे. मुक्कामाचे पैसेही वाचतात. टिप्स द्या.
– एक विद्यार्थी

उत्तर : याला तिकडे ‘दांगान तोझान’ म्हणतात, बंदुकीच्या गोळीसारखं चढणं. आणि तेच बंद करायला ते फाटक आणि ती दुपारी दोनची वेळ आहे. झोपडीत आरक्षण नसेल तर रात्री दहाला तुम्हाला कुणी सोडणार नाही. रात्रभर जागून, उंचीची सवय नसताना चढायचं आणि सूर्योदयाआधी दोन तास लवकर पोचून थंडीत कुडकुडत बसायचं, यात माझ्या ओळखीच्या एका मुलाचे ओठ निळे झालेले मी पाहिले आहेत. पैसे वाचवायचे असतील तर पहाटे तीननंतर निघा. सूर्य पूर्वेलाच उगवतो, आणि योशिदाची वाटही त्याच अंगाला आहे. सहाव्या टप्प्याच्या पुढे कुठेही उभं राहिलात तरी तो दिसतो, त्यासाठी माथाच लागत नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. वर काय खायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वरचं विसरा. झोपडीतल्या रश्श्यात मांसाचा नाहीतर माशांचा अंश असतोच, कपातल्या नूडल्सचंही तेच. दाशी नावाचं जे पाणी प्रत्येक गोष्टीत जातं ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं. खालच्या दुकानातून उमेबोशीची ओनिगिरी घ्या, भाताच्या त्रिकोणात आंबट-खारट फळ. आपल्या लोणचं-भाताची आठवण येते, पण वेष्टनावरची यादी कुणाकडून तरी वाचून घ्या. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चिक्की नेली होती. टोकियोत असाल तर निशिकासाईला भारतीय वाण्याकडे पोहे, चिवडा सगळं मिळतं. एक अनुभव सांगते. चिवड्याची पाकिटं वर फुगून ढोलकी होतात. एक माझ्या सॅकमध्ये फुटलं, आणि उरलेल्या उतरणीत प्रत्येक कपड्यातून चुरमुरे निघत होते.

प्रश्न : आम्हाला सुट्टी फक्त मे महिन्यात मिळते. मेमध्ये फुजी करता येईल का? फोटोत बर्फ फारच सुंदर दिसतो.
– एक दांपत्य, नाशिक

उत्तर : नाही. योशिदाची वाट १ जुलैच्या सुमाराला उघडते आणि १० सप्टेंबरला बंद होते. मेमध्ये तो सुंदर बर्फ कडक झालेला असतो, झोपड्या बंद, आणि पाय घसरला तर शेकडो मीटर थांबायला काही नाही. तो गिर्यारोहकांचा प्रांत, आपला नव्हे.

मेमध्ये मित्सुतोगेला जा. कावागुचिकोच्या जवळच, १७८५ मीटर, म्हणजे कळसूबाईहून थोडा उंच. हवेचा त्रास नाही. आभाळ साफ असलं तर माथ्यावरून अख्खा फुजी समोर, पायथ्यापासून शेंड्यापर्यंत, बर्फासकट. सकाळी नऊच्या आत वर पोचा, नंतर त्याच्या कमरेला ढग लागतात. थर्मासमधून चहा न्या. दुकान मिळेलच असं धरून चालू नका.